एक कीं दोन?

यंत्रांचा इतिहास लिहितांना आपण बहुधा शोधकाचें नांव, पेटंटाचें वर्ष आणि कारखान्याचें ठिकाण एवढें देऊन थांबतों. परंतु एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें समोर असतां त्यांतील एक कां निवडलें गेलें, हें समजल्यावांचून त्या यंत्राची खरी ओळख होत नाहीं. हिरोशिमाच्या माझ्दा कारखान्यानें काढलेल्या आरएक्स-७ या वेगवान मोटारीची कथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. तिच्या इंजिनास एक टर्बोचार्जर असावा कीं दोन, हा वाद तिचें उत्पादन २००२ सालीं बंद पडलें तरी मिटलेला नाहीं.

प्रथम त्या इंजिनाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. नेहमींच्या इंजिनांत दट्ट्या येरझारा घालतो आणि त्या येरझारांचें रूपांतर चक्रगतींत करावें लागतें. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) या जर्मन कल्पकाच्या मनांत ही खटपटच टाळावयाची होती. एनएसयू या जर्मन कंपनींत १९५७ सालीं त्याचें पहिलें इंजिन चाललें. पुढें रूढ झालेल्या त्याच्या रूपांत कमरेशीं आवळलेल्या एका कोशांत त्रिकोणी रोटर फिरतो आणि फिरतां फिरतांच हवा आंत घेतो, दाबतो, जाळतो व बाहेर टाकतो. १९६१ सालीं हिरोशिमाच्या कारखान्यानें या इंजिनाचे हक्क घेतले. त्या वेळीं त्याचें नांव तोयो कोग्यो असें होतें. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालीं ४७ जणांचें पथक कामास लागलें. रोटरच्या टोंकांवरील पट्ट्या कोशाच्या भिंतीवर खोल ओरखडे काढीत. त्यांस ते लोक ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. ॲल्युमिनियम मुरविलेल्या कर्बाच्या पट्ट्या करून हें विघ्न टाळलें, तेव्हां १९६७ सालीं कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारांत आली. १९७३ च्या तेलटंचाईनें या इंजिनाचा खादाडपणा उघडा पाडला. तरीहि कारखान्यानें त्याची साथ सोडली नाहीं आणि १९७८ सालीं पहिली आरएक्स-७ निघाली.

टर्बोचार्जर ही युक्ति याहून जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यानें तिचें पेटंट १९०५ सालींच घेतलें होतें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोतानें एक चक्र फिरवावयाचें आणि त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा दाबून आंत लोटावयाची, असें तिचें सार आहे. रोटरी इंजिनास ही युक्ति चांगली मानवते. कारण त्याचें धूर सोडणारें द्वार एकदम उघडतें आणि वायु तप्त व जोरकस असतो. पण अडचणहि तेथेंच आहे. चक्र मोठें घेतलें तर मंद गतींत तें जड पडतें, आणि चालकानें पाय दाबल्यावर जोर येण्यास विलंब लागतो. चक्र लहान घेतलें तर तें चटकन फिरूं लागतें, पण वेग वाढल्यावर इंजिनाचाच श्वास कोंडतें. रोटरी इंजिनास मंद गतींत ओढ मुळांतच कमी; म्हणून हा विलंब त्याला अधिकच जाचतो.

कारखान्यानें प्रथम एकाचाच मार्ग धरला. १९८२ सालीं कॉस्मोस व १९८३ सालीं आरएक्स-७ ला एकेक टर्बोचार्जर बसला. १९८५ च्या दुसऱ्या पिढींत त्याचा प्रवेशमार्ग दुभागून विलंब कमी करण्याचा यत्न झाला. नंतर १९९० सालच्या युनोस कॉस्मोंत आणि डिसेंबर १९९१ मध्यें निघालेल्या तिसऱ्या आरएक्स-७ मध्यें दोन टर्बोचार्जर एकामागून एक कामास लावण्याची योजना आली. मिनिटास सुमारें साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत पहिला एकटाच राबतो. त्या सुमारास थोडा वायु दुसऱ्याकडे वळवून त्याचें चक्र आधींच फिरतें केलें जातें, आणि मग दोघेहि मिळून ओझें उचलतात. घाट चढण्यापूर्वीं कर्जतला आगगाडीस जादा इंजिनें जोडतात, तशांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें ही जोडणी गाडी धांवत असतां, निमिषार्धांत आणि चालकास धक्का न जाणवतां व्हावी लागते. अवघ्या १३०८ घन सेंटिमीटरच्या इंजिनांतून या योजनेनें आरंभीं २५५ आणि १९९९ पासून २८० अश्वशक्ति काढली.

या सौंदर्याची किंमत मात्र भारी होती. दोघांची पाळी सांभाळण्यासाठीं रबरी नळ्या, विजेवर चालणाऱ्या झडपा आणि हवेच्या लहान टांक्या यांचें एक जाळेंच इंजिनावर पसरलें. तेथील उष्णतेनें नळ्या कडक होतात, तडकतात. एखादी निसटली कीं दुसरा टर्बोचार्जर वेळेवर जागा होत नाहीं, किंवा हवेचा दाब नको तितका चढतो. दाब चढून इंधन कमी पडलें तर आंत अकालीं स्फोट होतात आणि रोटरच्या टोंकाची पट्टी फुटते. मग सबंध इंजिन उकलण्यावांचून गति उरत नाहीं.

म्हणून पुष्कळ मालकांनीं ती जोडी काढून एकच मोठा टर्बोचार्जर बसविला. त्यांच्या पक्षांत तथ्य आहे. नळ्यांचें जंजाळ जातें, उष्णता कमी सांचते, दोष शोधणें सोपें होतें आणि वरच्या वेगांत शक्ति पुष्कळ वाढते. शिवाय हलकीं चक्रें आणि गोळ्यांचे बेअरिंग यांमुळें आजचा मोठा टर्बोचार्जर १९९१ मधल्याइतका आळशी राहिलेला नाहीं. ज्या उणीवेवर दोघांची योजना हें उत्तर होतें, ती उणीवच बरीचशी ओसरली आहे. मात्र हें काम एक भाग बदलून संपत नाहीं. इंधन सोडणारीं तोंडें, हवा थंड करणारें यंत्र आणि सर्वांवर हुकमत चालविणारा संगणक यांचा नव्यानें मेळ घालावा लागतो. तो न घालतां केवळ शक्तीच्या आंकड्यामागें लागलेल्याचें इंजिन त्याच पट्टीपाशीं फुटतें.

माझ्या मतें येथें विजय कोणा एका पक्षाचा नाहीं. शर्यतीच्या मैदानांत, जेथें इंजिन क्वचितच मंदावतें, तेथें एकाचाच पक्ष बलवत्तर आहे. ज्याला वळणावळणाच्या रस्त्यावर मोटार हांकावयाची आहे, त्याच्यासाठीं सुस्थितींतली जोडी हेंच योग्य उत्तर. कारण ती त्याच प्रश्नासाठीं निर्माण झाली. आणि केवळ शक्ति हीच कसोटी म्हणावी, तर जून १९९१ मध्यें ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दाच्या ७८७बी गाडीस टर्बोचार्जर मुळींच नव्हता. तिनें दोहोंऐवजीं चार रोटर वापरले होते.

कारखान्यानेंहि शेवटीं हा वाद मोडीतच काढला: २००३ सालीं आलेल्या आरएक्स-८ मध्यें ना एक होता ना दोन. त्यामुळें दोघांच्या पाळीची ही युक्ति रोटरी इंजिनावर उणीपुरी बारा वर्षेंच नांदली. जुन्या पोथीचा पाठ कठीण वाटला म्हणून कोणी तिचीं पानें फेकून देत नाहीं. तसेंच येथें व्हावें. ज्याला एकच हवा असेल त्यानें तो खुशाल बसवावा; पण काढलेली जोडी, तिच्या नळ्या आणि झडपा यांसह, पेटींत भरून त्या मोटारीबरोबरच ठेवावी. पुढच्या मालकास तोच निवाडा पुनः करण्याचा हक्क त्यानें तरी कां गमवावा?