वाळवलेल्या भोपळ्याची आठवण

घराण्याचा इतिहास म्हटलं की आपण सातबारा काढतो, वंशावळ काढतो. पण पहिल्या वर्षी घर कुणाच्या अन्नावर तगलं, हे त्या कागदांत नसतं. आज आम्ही तुम्हाला अशाच एका घराण्याची हकिकत सांगणार आहोत. हे घराणं अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचिया डोंगरांतलं.

टेनेसी राज्यात ग्रेट स्मोकी डोंगरांच्या कुशीत केड्स कोव्ह नावाचं खोरं आहे. १८१८ मध्ये थंडीच्या तोंडावर जॉन ऑलिव्हर आणि त्याची बायको लुरेना लहानग्या मुलीला घेऊन तिथं राहायला आले. पेरणीचा हंगाम केव्हाच टळला होता. जमीनही तेव्हा चेरोकी या मूळ रहिवाशांची. हिवाळ्यात उपासमारीची वेळ आली, तेव्हा चेरोकींनीच त्यांना वाळवलेला भोपळा दिला. त्यावर ते कुटुंब जगलं. ही आठवण ऑलिव्हरांच्या घरात पुढच्या पिढ्यांनी जपली.

पुढं काय झालं? १८१९ च्या करारानं चेरोकींचा त्या डोंगरांवरचा हक्क गेला. ऑलिव्हरांच्या नावावर जमीन झाली. १८३८ मध्ये सरकारनं सैन्य लावून चेरोकींना शेकडो मैल पश्चिमेला हाकललं. छावण्यांत आणि वाटेत हजारो माणसं दगावली. थोडे डोंगरांतच तग धरून राहिले. त्यांचे वंशज शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात आजही आहेत.

मग पाळी ऑलिव्हरांची आली. राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला अख्खं खोरं हवं होतं. जॉनचा पणतू जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर कोर्टात वर्षानुवर्षं झगडला, हरला, आणि १९३७ मध्ये त्यानंही खोरं सोडलं.

ओंडक्यांचं ते जुनं घर अजून उभं आहे. पर्यटक ते बघायला जातात. घराला नाव जॉनचं. तो १८६३ मध्ये वारला. लुरेना त्यानंतर पंचवीस वर्षं जगली. तिचं नाव घराला नाही, आणि भोपळा देणाऱ्यांचं नाव तर कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून मैत्रिणींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जमीन कधी घेतली हे जरूर विचारा. पण अडचणीच्या पहिल्या वर्षी आपल्याला पसाभर धान्य कुणी दिलं, आणि त्यांची लेकरंबाळं आज कुठं आहेत, हेही विचारा. उत्तर मिळालं तर वहीत लिहून ठेवा.