बागेचा ट्रॅक्टर आणि हिवाळ्याचे काम

यंत्रांचा इतिहास लिहू लागले की लेखणी सहसा मोठ्या यंत्रांकडे वळते. वाफेचे इंजिन, आगगाडी, विमान यांच्यावर ग्रंथामागून ग्रंथ झाले. परंतु सामान्य गृहस्थाच्या घरामागील छपरीत उभे राहून ज्या लहान यंत्रांनी त्याचे रोजचे कष्ट हलके केले, त्यांची बखर क्वचितच कोणी लिहिली असेल. अमेरिकेतील बागकामाचा छोटा ट्रॅक्टर हे अशा उपेक्षित यंत्रांपैकी एक होय. त्याचा जन्म उन्हाळ्यातील कामासाठी झाला. पण साठ वर्षांनंतरही त्यातले पुष्कळसे ट्रॅक्टर चालते राहिले आहेत, त्याचे मोठे श्रेय हिवाळ्याला द्यावे लागेल. ही गोष्ट वरवर चमत्कारिक वाटते. बर्फ, ओल आणि मीठ ही तर लोखंडाची जातिवंत वैरी! परंतु वस्तूचे जतन म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर याच विसंगतीत दडलेले आहे.

ट्रॅक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषभर उंच चाकांचे, शेत नांगरणारे धूड उभे राहते. बागेचा ट्रॅक्टर त्या मानाने अगदीच ठेंगणा. त्याचा पत्रा माणसाच्या कमरेला लागतो. त्याला बहुधा एकच सिलिंडर असते आणि जुन्या नमुन्यांची ताकद सात ते बारा अश्वशक्तीच्या आसपास भरते. तरीही नुसते गवत कापणाऱ्या गाडीहून तो जातीने निराळा. त्याची चौकट जाड पोलादाची आणि गिअरची पेटी ओतीव लोखंडाची असते. त्यामुळे त्याच्यामागे छोटा नांगर जोडता येतो आणि पुढे बर्फ लोटणारे पातेही बसविता येते. हा भक्कमपणाच पुढे त्याच्या दीर्घायुष्याला कारण झाला.

या यंत्रकुळाचा एक मूळ पुरुष वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील डनबार गावचा बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली. व्यवसायाने हा छायाचित्रकार. परसातील भाजीपाल्याची जमीन हाताने उकरण्याचा कंटाळा येऊन त्याने इंजिनावर चालणारा एक नांगर बनविला आणि १९१६ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्राला स्वार होण्याची सोय नव्हती. मागून चालत त्याचे दांडे धरावे लागत. परंतु घोडा न पाळणाऱ्या माणसालाही यंत्राचे बळ हाताशी असावे, ही कल्पना मात्र तेव्हापासून रुजली.

तिला बहर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धावरून परतलेल्या लाखो सैनिकांना घरे हवी होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिटटाऊन नावाची वसाहत उठली. तिच्यात सतरा हजारांहून अधिक घरे साच्यातून काढल्याप्रमाणे बांधली गेली. साठ फूट रुंद आणि शंभर फूट लांब अशा तिथल्या जागेला ट्रॅक्टर लागत नव्हता, हे खरे. पण त्याच लाटेबरोबर शहराच्या आणखी बाहेर अर्धा एकर, एक एकर, दोन एकर जागेची घरे उभी राहू लागली. त्यांचे मालक दिवसा कारखान्यात किंवा कचेरीत काम करीत आणि संध्याकाळी हौशी शेतकरी होत. मोठा ट्रॅक्टर त्यांना परवडण्यासारखा नव्हता आणि फावड्याने काम उरकत नव्हते. या मधल्या माणसासाठी हे मधले यंत्र जन्मास आले.

इंडियाना राज्यातील साऊथ बेंड येथे पाँड कुटुंबाने १९४६ साली जो उद्योग आरंभिला, त्यातून पुढे ‘व्हील हॉर्स’ हे लाल रंगाचे ट्रॅक्टर प्रसिद्धीस आले. कापणी-मळणीच्या यंत्रांसाठी जगभर ख्यातनाम असलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ च्या हंगामासाठी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील कारखान्यातून पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा ‘कब कॅडेट’ बाहेर काढला. त्याला कोलर कंपनीचे सात अश्वशक्तीचे इंजिन होते. त्याची गिअरपेटी मात्र त्याच कंपनीच्या ‘फार्मॉल कब’ या शेतीच्या ट्रॅक्टरावरून उचललेली होती. शेतकऱ्याच्या यंत्राचे हाड बागेच्या यंत्रात आले ते असे. पाठोपाठ १९६३ मध्ये जॉन डिअर कंपनीने विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथून ‘११०’ हा आपला पहिला बागेचा ट्रॅक्टर विक्रीस आणला.

आता हिवाळ्याकडे वळू. या यंत्रांची बरीचशी गिऱ्हाइके ज्या प्रदेशात होती, तेथे वर्षातले चार-पाच महिने बाग बर्फाखाली गाडलेली असते. पंचमहासरोवरांच्या परिसरात तर हा बर्फ विशेष पडतो. कॅनडाकडून येणारे कोरडे, थंड वारे अजून न गोठलेल्या सरोवरांवरून वाहताना ऊब आणि बाष्प उचलतात. मग दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या किनाऱ्यांवर त्यांचे ओझे बर्फाच्या रूपाने रिते होते. खुद्द साऊथ बेंड हे या हिमपट्ट्यातलेच गाव. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या दक्षिण उपनगरांत २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये काही ठिकाणी पाच फुटांहून अधिक बर्फ साचला होता.

आपल्याकडील वाचकाला बर्फ म्हणजे कापसासारखी हलकी वस्तू वाटते. नुकताच पडलेला बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो. पण तोच दबला आणि भिजला की कित्येक पटींनी जड होतो. दहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा घराच्या वाटेवर फूटभर ताजा बर्फ पडला, तरी सहाशे ते बाराशे किलो ओझे हलवावे लागते, तेही कामावर निघण्यापूर्वी, अंधारात. अनेक नगरांत घरासमोरच्या पदपथावरील बर्फ ठरावीक मुदतीत दूर करणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्यच असते. तेव्हा हे काम हौसेचे नाही. न टळणारे आहे.

बर्फ फेकणारे मोठे यंत्र क्वेबेकच्या आर्थर सिकारने १९२५ मध्ये सिद्ध केले होते. मॉन्ट्रियलला लागून असलेल्या ऊत्रमाँ नगराने ते १९२७ साली विकत घेतले. तीच युक्ती लहान रूपात बागेच्या ट्रॅक्टरापुढे येऊन बसली. पुढचे मळसूत्री पाते बर्फ ओढून घेते आणि नळीतून बाजूला भिरकावते. ज्याला एवढा खर्च नको, तो साधे तिरपे पाते लावून बर्फ लोटतो. उन्हाळ्यापुरते घेतलेले यंत्र अशा रीतीने बारमाही झाले.

पुढे दिवस पालटले. मोठमोठ्या दुकानांतून पातळ पत्र्याच्या, हलक्या, स्वस्त गवतकाप्या गाड्या मिळू लागल्या. कब कॅडेटचा व्यवसाय १९८१ मध्ये आणि व्हील हॉर्सचा १९८६ मध्ये दुसऱ्या कंपन्यांकडे गेला. जुने ट्रॅक्टर छपरीच्या कोपऱ्यात गंजत पडले. आजोबा गेले, घर विकले, की त्यांची रवानगी भंगारात होई. त्यांतल्या काहींना बाहेर ओढून पुन्हा चालते करणारी माणसे निघाली आणि या कथेचा दुसरा अध्याय सुरू झाला.

या जीर्णोद्धाराची रीत मोठी बोधप्रद आहे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाला वापराने जेवढी इजा होत नाही, तेवढी स्वस्थतेने होते. टाकीतले पेट्रोल आटून त्याचा डिंक होतो आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. गिअरपेटीत हवेतील बाष्प पाणी होऊन उतरते. इंजिनाभोवतीच्या पत्र्याखाली उंदीर घरटे करतात. त्याने थंड हवेची वाट अडते आणि नकळत चालविलेले इंजिन तापून निकामी होते. म्हणून जाणता मनुष्य आधी पत्रा काढून उंदराचे घर शोधतो आणि मगच इंजिन फिरवून पाहतो. अडकलेला पिस्टन कित्येक दिवस तेलात मुरवून हलक्या हाताने सोडवावा लागतो. गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यातून विजेचा मंद प्रवाह सोडला, की गंज सुटतो आणि खालचे लोखंड शाबूत राहते. ठिणगी देणाऱ्या पॉइंटांमधील फट इंचाच्या दोनशतांश एवढी जुळविली, की बहुधा ते जुने कोलर इंजिन पुन्हा बोलू लागते. या कामाला लागतात ती साधी हत्यारे, पुष्कळसा धीर आणि कंपनीने त्या काळी छापलेली पुस्तिका. तीत प्रत्येक भाग सुटा करून, क्रमांक घालून, चित्राने दाखविलेला असतो.

हिवाळ्यात चालवायचे तर आणखी काही पथ्ये सांभाळावी लागतात. या लहान इंजिनांत तेल फिरविणारा पंप बहुधा नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेली पळी तेलात बुडते आणि त्याचे शिंतोडे चहूकडे उडवते. कडाक्याच्या थंडीत जाड तेल थिजले, तर पळी त्यात नुसती खाच पाडते, शिंतोडे उडत नाहीत आणि रॉड तुटून इंजिनाचा शेवट होतो. म्हणून बर्फ पडण्यापूर्वी पातळ तेल घालणे हा पहिला नियम. दुसरा नियम चाकांचा. मागच्या चाकांना साखळ्या बांधतात, लोखंडी वजने अडकवितात, किंवा टायरमध्ये न गोठणारे द्रव भरतात. त्यासाठी कॅल्शियम क्लोराईडचे पाणी पूर्वापार वापरात आहे. ते वजनदार असते आणि गोठतही नाही. पण ट्यूब गळली, तर चाकाची लोखंडी कड खाऊन टाकते. तिसरा नियम काम संपल्यावरचा. बर्फ झाडून, रस्त्यावरचे मीठ धुऊन, कोरडे करून, ग्रीस भरूनच यंत्र आत घ्यावे.

येथे जीर्णोद्धार करणाऱ्यांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, की इतक्या कष्टाने मूळ रंगरूपास आणलेले यंत्र मिठाच्या चिखलात घालणे हा अविचार होय. ते प्रदर्शनातच शोभावे. दुसरा म्हणतो, की न चालणारे यंत्र ही यंत्राची मूर्ती झाली, यंत्र नव्हे. पहिल्या पक्षाची चिंता खोटी नाही. एका वाईट हिवाळ्यात वर्षभराची मेहनत गंजू शकते. तरीही मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक खोल वाटते. जो ट्रॅक्टर दर हिवाळ्यात लागतो, त्याचे तेल दर हिवाळ्याआधी बदलले जाते. त्याचा पट्टा, बॅटरी, प्लग यांकडे कोणाचे तरी लक्ष असते. गरज हीच त्याची राखणदार होते. शिवाय त्याच्याबरोबर ते चालविण्याची विद्याही जिवंत राहते. थंड इंजिनाला किती चोक द्यावा, कोणता आवाज दुखण्याचा आणि कोणता नेहमीचा, हे ज्ञान कोणत्याही संग्रहालयाच्या कपाटात ठेवता येत नाही. ते बापाच्या हातून मुलाच्या हाती जाते आणि हात थांबले की संपते.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांपुरता उरलेला नाही. आजच्या शेतीयंत्रांत संगणकाचा वाटा मोठा आहे. त्यांतील बिघाड शोधण्याची साधने उत्पादकाच्या हाती राहिल्याने स्वतःचे यंत्र स्वतः दुरुस्त करण्याचा शेतकऱ्याचा हक्क अमेरिकेत वादाचा विषय झाला. जॉन डिअर कंपनीने २०२३ च्या जानेवारीत तेथील एका मोठ्या शेतकरी महासंघाशी याविषयी सामंजस्याचा करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा संमत केला. पुढे २०२५ च्या जानेवारीत केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांसह त्याच कंपनीवर दावा दाखल केला. ज्या कंपनीचा १९६३ चा ट्रॅक्टर मालक आपल्या छपरीत पान्याने उघडतो, तिच्याच नव्या यंत्रांविषयी हा वाद व्हावा, यात काळाचा मोठा पालट दिसतो. नवी यंत्रे अधिक समर्थ आहेत आणि जुन्यांना त्यांची सर नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु मालकी म्हणजे काय, याची व्याख्या मधल्या साठ वर्षांत हळूच बदलली. तिची मूळ प्रत या जुन्या ट्रॅक्टरांत अजून वाचता येते.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे स्वच्छ करून पुजतात आणि पुन्हा कामाला लावतात. ती देव्हाऱ्यात कायमची ठेवून देत नाहीत. त्या पूजेतील शहाणपण असे, की हत्याराचा मान त्याच्या कामात आहे. अमेरिकेतील हिमपट्ट्यात पहाटे बर्फ लोटणाऱ्या जुन्या ट्रॅक्टराकडे पाहिले, तर हीच गोष्ट ध्यानात येते. राजवाडे आणि किल्ले टिकवायला शासन लागते, निधी लागतो, पहारे लागतात. सामान्य माणसाच्या वस्तूंना मात्र त्याची गरजच तारते. ज्या वस्तू उघडता येतात, दुरुस्त करता येतात आणि ज्यांच्यावाचून अडते, त्यांचा इतिहास निराळा जपावा लागत नाही; तो दर हिवाळ्यात आपोआप पुढे चालू राहतो.