न उघडलेली खिडकी : ओरॅकल ८आय, पेंटियम ४ आणि एका अयशस्वी इन्स्टॉलेशनचा इतिहास

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांची वाढती गती आणि कंपन्यांचा उत्कर्ष यांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने सॉफ्टवेअर यंत्रावर उतरवताना सामान्य वापरकर्त्यास पडलेल्या सायासांची नोंद फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात इ. स. २००० नंतरच्या अशाच एका बिघाडाचा विचार केला आहे.

१९८० च्या दशकात वैयक्तिक संगणकावर डीबेस घेणे म्हणजे बहुतांशी फ्लॉपीवरील फाईलींची नक्कल करणे होय. ओरॅकलचे तसे नव्हते. मूलतः मोठ्या यंत्रांसाठी घडलेला हा डाटाबेस होता. १९९९ मध्ये बाजारात आलेल्या ८आय या आवृत्तीपासून कंपनीने विंडोज आणि युनिक्स या दोहोंसाठी एकच इन्स्टॉलर दिला व तो जावा भाषेत लिहिला. परिणामी इन्स्टॉलर चालण्यासाठी आधी जावाचे वातावरण हवे झाले आणि ते सीडीवरच भरून देण्यात आले. दार उघडण्यासाठीच दुसरे दार बसवावे, असा हा प्रकार होता.

नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलचा पेंटियम ४ प्रोसेसर बाजारात आला. या नव्या यंत्रावर ८आयची सीडी घालून सेटअप चालवला असता पडद्यावर क्षणभर वाळूचे घड्याळ दिसे आणि मग काहीच घडत नसे. संदेश नाही, चुकीचा क्रमांक नाही. ज्या बिघाडाला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याचे निदान अवघड असते. साहजिकच संशय प्रथम सीडीवर, मग मेमरीवर, मग विंडोजवर जाई. मात्र तीच सीडी पेंटियम ३ च्या यंत्रावर विनातक्रार चाले. सीडी तीच, विंडोज तीच, बदलला तो केवळ प्रोसेसर. ही तुलनाच निर्णायक ठरली. इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये.

दोष होता सिमसीजेआयटी.डीएलएल या फाईलीत. जावाचा मध्यस्थ संकेत ऐनवेळी यंत्रभाषेत रूपांतरित करून गती वाढवणारा हा सिमँटेकचा घटक होता. पेंटियम ४ येण्यापूर्वी तयार झालेला हा घटक त्या प्रोसेसरवर कोलमडत असे व इन्स्टॉलरलाही सोबत नेत असे. उपाय अगदी साधा होता. सीडीवर काही बदलता येत नाही, म्हणून तिच्यातील सर्व मजकूर हार्ड डिस्कवर उतरवायचा, या फाईलीच्या आढळतील तेवढ्या सर्व प्रतींचे नाव सिमसीजेआयटी.ओल्ड असे करायचे आणि हार्ड डिस्कवरूनच सेटअप चालवायचा. फाईल सापडली नाही की जावा गतीचा हा आधार सोडून संकेत ओळीओळीने वाचू लागे. इन्स्टॉलर मंद चाले, पण चाले.

‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ ही सन कंपनीची जावाविषयीची घोषणा येथे आठवते. भाषा कोठेही चालणारी असली, तरी ती चालवणारा घटक विशिष्ट यंत्राशी बांधलेला होता आणि सीडीवर तो गोठून राहिला होता. (पुढे जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनीच विकत घेतली, हा योगायोग गमतीचा खरा!) त्यामुळे दोष एकट्या इंटेलच्या वा एकट्या ओरॅकलच्या माथी मारणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. मूक राहणाऱ्या इन्स्टॉलरची जबाबदारी मात्र ओरॅकलचीच मानावी लागेल.

अधिक महत्त्वाचा प्रश्न ज्ञानाच्या वाटपाचा आहे. ओरॅकलचे मेटालिंक हे अधिकृत साहाय्यस्थान सशुल्क करार असलेल्या ग्राहकांसाठी होते. शिकण्यासाठी घरच्या संगणकावर ८आय बसवू पाहणारा विद्यार्थी त्या कक्षेबाहेर राहिला. त्याच्यापर्यंत हा उपाय पोचला तो बहुधा सांगोवांगी, आणि तोही कृतीपुरता. फाईलीचे नाव बदला, एवढेच त्याला कळले. का बदलायचे, ते बहुतेकांना कोणी सांगितले नाही.