ग्रंथपरीक्षण, मराठी

ग्रंथपरीक्षण म्हणजे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे वाचन करून त्यातील प्रतिपाद्य विषय, आधार, युक्तिवाद आणि भाषा यांविषयी जाणत्या वाचकाने व्यक्त केलेला सकारण अभिप्राय. ललितकृतीच्या परीक्षणात आस्वादाला महत्त्व असते, तर इतिहास, तत्त्वज्ञान व वाङ्‌मयाभ्यास या विषयांवरील ग्रंथांच्या परीक्षणात प्रमाणांना असते. लेखकाने विधान कशाच्या आधारे केले, तो आधार विश्वसनीय आहे काय आणि त्यातून निघणारा निष्कर्ष तोच आहे काय, हे तीन प्रश्न अशा परीक्षणाच्या मुळाशी असतात. मराठीत या प्रकाराचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होतो. इतिहाससंशोधनासारखी संपूर्ण ज्ञानशाखाच एका ग्रंथाच्या परीक्षणातून वाढीस लागावी, ही घटना मराठीच्या वैचारिक इतिहासात वैशिष्ट्यपूर्ण ठरली आहे.

पूर्वपीठिका : ग्रंथाची चिकित्सा भारतीय परंपरेला नवीन नव्हती. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचे, त्याचे खंडन करावयाचे आणि मग सिद्धान्त स्थापन करावयाचा, ही शास्त्रग्रंथांची रूढ पद्धती होती. मात्र तीत चर्चा परंपरेतील अधिकारी पंडितांपुरती मर्यादित असे. ‘टीका’ या शब्दाचा अर्थही मूळ ग्रंथाचे विवरण असाच होता. ज्ञानेश्वरीला गीतेवरील टीका म्हणतात, ते याच अर्थाने. मुद्रणाचा प्रसार झाल्यावर ग्रंथ अनोळखी वाचकाच्या हाती पडू लागला आणि त्याच शब्दाला गुणदोषविवेचन हा नवा अर्थ प्राप्त झाला.

ग्रंथांचे पहिले आधुनिक परीक्षक मात्र सर्वसामान्य वाचक नसून सरकारी होते. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस पारितोषिके देण्याकडे वळविण्यात आला आणि त्यासाठी १८५१ मध्ये ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ स्थापन झाली. शिक्षणखात्याच्या पुस्तकांची भाषा मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) तपासत. या व्यवस्थेमुळे गद्यलेखनास उत्तेजन मिळाले आणि लेखनपद्धतीत एकसारखेपणा आला. तिची मर्यादाही लवकरच दिसून आली. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये या कमिटीकडे पाठविले असता ते नाकारले गेले आणि पुढे सु. सव्वाशे वर्षे ते अप्रकाशितच राहिले. छापण्यापूर्वीच दिला गेलेला प्रतिकूल अभिप्राय ग्रंथाला वाचकच मिळू देत नाही. छापलेल्या ग्रंथावरील टीका, मग ती कितीही कठोर असो, वाचकाला स्वतःचा निर्णय करण्याची संधी देते. सरकारी तपासणी आणि सार्वजनिक परीक्षण यांतील हा भेद मूलभूत आहे.

नियतकालिकांतील परीक्षण : ग्रंथपरीक्षणाला सार्वजनिक स्वरूप आले, ते मासिकांमुळे. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ (१८५०–६७) या मासिकाने ज्ञानविषयांचा वाचकवर्ग तयार केला. त्यानंतर रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३–१९०१) यांनी सुरू केलेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७–१९३७) या मासिकाने नव्या पुस्तकांचे परीक्षण हे आपले नियमित कार्य मानले. सत्तर वर्षांच्या काळात या मासिकातून व्याकरण, इतिहास, वेदान्त, काव्यशास्त्र अशा विविध विषयांवरील ग्रंथांची दीर्घ परीक्षणे आली. ग्रंथकाराने परीक्षणाला उत्तर द्यावे आणि परीक्षकाने प्रत्युत्तर द्यावे, अशी वादांची प्रथाही या काळात रुळली.

विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) यांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४–८१) टीकेला वाङ्‌मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. टीकेवाचून भाषेतील ग्रंथसंग्रह निर्दोष होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या शैलीचा तिखटपणा, उपरोध आणि वाचकाला आपल्या बाजूस ओढून घेण्याचे सामर्थ्य यांमुळे परीक्षण हा आवडीने वाचण्याचा विषय झाला. तथापि त्यांच्या टीकेचा एक दोष पुढील काळातही टिकून राहिला. फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) आदी लेखनाचा समाचार घेताना त्यांनी व्याकरणातील व शुद्धलेखनातील चुकांची यथेच्छ थट्टा केली, पण शूद्रातिशूद्रांच्या दास्याविषयी फुल्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांना त्या मानाने फारसे उत्तर दिले नाही. लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’वरील त्यांच्या टीकेतही लेखकाच्या अधिकाराचा व हेतूचा विचार वारंवार डोकावतो. ग्रंथातील विधान खरे की खोटे, हा प्रश्न बाजूला ठेवून ते कोणी व कोणत्या भाषेत केले यावर निर्णय देण्याची ही पद्धती परीक्षणाला वादपटुत्वाच्या पातळीवर आणते. फुले यांनी १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले. तेथे जमणाऱ्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हिताचा मेळ बसत नाही, असा त्यांचा आशय होता. मराठी वाचकवर्ग एकसंध नाही, ही गोष्ट या नकाराने स्पष्ट केली.

ग्रँट डफच्या इतिहासाचे परीक्षण : विद्वद्‌ग्रंथाच्या परीक्षणाचे सर्वांत फलदायी उदाहरण इतिहासाच्या क्षेत्रातील आहे. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ (१७८९–१८५८) याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाला. कॅप्टन डेव्हिड केपनने केलेले त्याचे मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने लवकरच उपलब्ध झाले आणि शाळांतून वापरले जाऊ लागले. डफने कागदपत्रे, बखरी आणि फार्सी साधने परिश्रमपूर्वक जमविली होती. त्यामुळे सु. चाळीस वर्षे त्याचा ग्रंथ या विषयावरील अखेरचा शब्द मानला गेला.

या मान्यतेला पहिला धक्का नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी दिला. डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी डफच्या ग्रंथावरील आपला निबंध पुण्यातील तरुण विद्वानांच्या सभेपुढे वाचला आणि तो १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्ताधाऱ्यांच्या प्रतिनिधीने लिहिलेल्या व पाठ्यपुस्तक म्हणून नेमलेल्या ग्रंथाचे परीक्षण एका विद्यार्थ्याने करावे, हेच त्या काळी नवीन होते. टीका केल्यानंतर कीर्तने तेथेच थांबले नाहीत. सभासदाची व चिटणिसाची बखर संपादून त्यांनी मूळ साधने वाचकांपुढे ठेवली. ग्रंथकाराचे विधान तपासावयाचे, तर त्याची साधने वाचकालाही पाहावयास मिळाली पाहिजेत, हा विचार यामागे होता. डफने काही कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे आपल्या टीपांत नमूद केले होते. पुढील अभ्यासकांना त्या सापडल्या नाहीत, त्यामुळे ही निकड अधिकच जाणवली.

काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक, शंकर तुकाराम शाळिग्राम व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ मध्ये सुरू केलेले ‘काव्येतिहास-संग्रह’ हे मासिक या जाणिवेचे फळ होय. बखरी, पत्रे, यादी व जुनी काव्ये त्यातून क्रमशः छापली गेली. वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ व द. ब. पारसनीस यांचे प्रकाशनकार्य याच मार्गाने पुढे गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये वाई येथे छापला. त्यातील पत्रे १७५० ते १७६१ या काळातील असून दीर्घ प्रस्तावनेत राजवाड्यांनी त्या पत्रांच्या आधारे डफच्या कथनातील चुका व उणिवा दाखविल्या. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांचा आक्षेप वेगळ्या प्रकारचा होता. डफने मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीतील वणव्याची उपमा दिली होती. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रानड्यांनी तो उदय आकस्मिक नसून धार्मिक व सामाजिक जागृतीचा परिणाम होता, असे प्रतिपादिले. राजवाड्यांनी डफची माहिती तपासली, तर रानड्यांनी त्याचा अन्वय. परीक्षणाची ही दोन्ही अंगे परस्परपूरक आहेत.

१९१० मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने परीक्षणाला संस्थेचे स्वरूप दिले. मंडळाच्या सभांत निबंध वाचावा, उपस्थितांनी त्यावर शंका घ्याव्यात आणि आधाराचा कागद पुढे ठेवावा, असा शिरस्ता पडला. या पद्धतीचे फलित शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या प्रश्नात दिसते. डफने जन्म मे १६२७ मध्ये झाल्याचे लिहिले होते आणि बखरींतही शके १५४९ चा निर्देश होता. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आढळली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तिला पुष्टी दिली. पुढे दीर्घकाळ वाद चालला, तो शकावलीची विश्वसनीयता, कालगणना व इतर साधनांशी जुळणी या मुद्द्यांवर. अखेर महाराष्ट्र शासनानेही हीच तारीख स्वीकारली.

वाङ्‌मय व तत्त्वज्ञान : प्राचीन वाङ्‌मयाच्या अभ्यासातही वाचकाच्या शंकेने संशोधनाला चालना दिली. शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे मत मांडले. दोहोंच्या भाषेतील अंतर आणि ज्ञानेश्वरीतील विठ्ठलभक्तीच्या उल्लेखांचा अभाव, हे त्यांचे प्रमुख आधार होते. वारकरी संप्रदायाच्या श्रद्धेला हे मत धक्का देणारे होते, तथापि भिंगारकरबुवा आदींनी त्याला लेखणीनेच उत्तर दिले. बहुतेक अभ्यासकांनी भारद्वाजांचा निष्कर्ष अमान्य केला, परंतु अभंगांचा पाठ, भाषा व प्रक्षेप यांचा विचार त्यामुळे अटळ झाला. चुकीचा ठरलेला आक्षेपही आधारांसह मांडलेला असेल, तर तो ज्ञानात भर घालतो, हे या वादातून दिसून येते.

तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांचे ‘गीतारहस्य’ (१९१५) हे सर्वाधिक चर्चिले गेलेले पुस्तक होय. हा ग्रंथ स्वतःच पूर्वीच्या भाष्यकारांचे परीक्षण आहे. उपक्रम, उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या मीमांसकांच्या कसोट्या लावून गीतेचे तात्पर्य कर्मयोगपर असल्याचे टिळकांनी ठरविले आणि परिशिष्टात गीतेची बहिरंगपरीक्षा केली. शांकरमताच्या अभिमानी शास्त्री-पंडितांनी त्याचे खंडन केले. तात्पर्यनिर्णयाच्या या कसोट्या परंपरामान्य असल्यामुळे चर्चेला समान भूमी उपलब्ध होती. राजकीय नेता म्हणून टिळकांविषयी असलेला आदर किंवा विरोध मात्र अनेक अभिप्रायांत मिसळला. स्वातंत्र्योत्तर काळात वाईच्या ‘नवभारत’ मासिकाने, विशेषतः मे. पुं. रेगे यांच्या संपादनाखाली, तसेच पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या ‘परामर्श’ त्रैमासिकाने तत्त्वज्ञानपर ग्रंथांच्या चिकित्सेची परंपरा चालविली. वाङ्‌मयीन ग्रंथांसाठी वसंत दावतर यांचे ‘आलोचना’ हे मासिक विशेष उल्लेखनीय आहे.

विसाव्या शतकातील इतिहासग्रंथांचे परीक्षक म्हणून त्र्यंबक शंकर शेजवलकर (१८९५–१९६३) यांचे स्थान स्वतंत्र आहे. डफच्या टीकाकारांपुढे परकीय ग्रंथकार होता. शेजवलकरांनी तीच कसोटी स्वकीयांच्या ग्रंथांना आणि स्वकीयांच्या अभिमानाला लावली. गो. स. सरदेसाई यांच्या ‘नानासाहेब पेशवे’ या ग्रंथास जोडलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पेशव्यांच्या धोरणाची निर्भीड चिकित्सा केली. ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ग्रंथविषयाचे कठोर परीक्षण यावे आणि ग्रंथकाराने ते छापावे, ही गोष्ट उभयतांना भूषणावह आहे. जदुनाथ सरकार यांच्या शिवचरित्रावर (१९१९) पुण्याच्या संशोधकांनी घेतलेले आक्षेप मुख्यतः मराठी साधनांच्या वापराविषयी होते. सरकार यांनी पुढील आवृत्त्यांत ग्रंथ सुधारला, पण दोन्ही पक्षांतील कटुता कमी झाली नाही.

उत्तरकाल : ‘विविधज्ञानविस्तार’ १९३७ मध्ये बंद पडल्यानंतर सर्व ज्ञानविषयांना कवेत घेणारे परीक्षणाचे व्यासपीठ मराठीत क्वचितच निर्माण झाले. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत दीर्घ परीक्षणाऐवजी पुस्तकपरिचय येऊ लागला. परिचयामुळे पुस्तक वाचकापर्यंत पोचते, परंतु त्याचे आधार तपासले जात नाहीत.

परीक्षणाचा मार्ग सोडल्यास काय होते, याचे उदाहरण २००४ मध्ये घडले. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथातील (२००३) मजकुरावर महाराष्ट्रात तीव्र आक्षेप घेतला गेला. काही इतिहाससंशोधकांनी प्रकाशकाकडे लेखी निषेध नोंदविल्यावर नोव्हेंबर २००३ मध्ये ग्रंथ भारतातून मागे घेण्यात आला. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला होऊन तेथील ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस झाली. शासनाने ग्रंथावर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. आक्षेप घेण्याचा वाचकाचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु या प्रकरणात हानी पोचली ती ज्यांच्या आधारे कोणत्याही ग्रंथाला उत्तर द्यावयाचे, त्या साधनांनाच.

मराठीतील विद्वद्‌ग्रंथांच्या परीक्षणाचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहता, लेखकाची जात, भाषा, पद वा पक्ष यांवर दिलेले अभिप्राय त्या त्या काळाच्या वादांबरोबर मागे पडले, असे दिसते. आधार मागणारे आणि स्वतः आधार पुढे ठेवणारे अभिप्राय मात्र संशोधनाचा भाग होऊन राहिले. डफचा ग्रंथ आजही अभ्यासिला जातो. त्याच्यावरील टीकेतून उजेडात आलेली पत्रे, शकावल्या आणि बखरी यांच्याशी ताडूनच तो वाचावा लागतो, ही कीर्तने यांच्यापासून सुरू झालेल्या परंपरेची मिळकत होय.