लाँग पार्लमेंट आणि सभासदांची शिस्त : एक ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १६४० ते १६५३)

प्रस्तावना :
सतराव्या शतकातील इंग्लंडचा इतिहास हा प्रामुख्याने राजा व पार्लमेंट यांच्यातील संघर्षाचा इतिहास म्हणून अभ्यासला जातो. या संघर्षात सभासदांच्या भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न महत्त्वाचा होता. इ. स. १६२९ मध्ये पहिल्या चार्ल्सने सर जॉन एलियट, डेन्झिल होल्स आदी सभासदांना कैद केले. एलियट १६३२ मध्ये टॉवरच्या तुरुंगातच मरण पावला. तथापि, सभासदांना शिक्षा करणारा केवळ राजाच नव्हता. कॉमन्स सभागृहही स्वतःच्या सभासदांना शिक्षा करीत असे. या अधिकाराचा वापर लाँग पार्लमेंटच्या काळात कसा झाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपीठिका व शिक्षेचे स्वरूप :
सभासदाच्या वर्तनाचा न्याय सभागृहानेच करावा, राजाने नव्हे, हे या अधिकारामागील तत्त्व होते. १६२१ मध्ये सर जॉन बेनेट याची लाचखोरीच्या आरोपावरून हकालपट्टी झाली. त्याच वर्षी थॉमस शेफर्ड यालाही काढण्यात आले. त्याचा अपराध मात्र रविवार पाळण्यासंबंधीच्या विधेयकावर बोलताना प्युरिटनांची निर्भर्त्सना केली एवढाच होता. भ्रष्टाचार आणि अप्रिय भाषण या दोहोंना एकच शिक्षा मिळाली. सौम्य शिक्षेत दोषी सभासदाला सभागृहाच्या कठड्यापाशी गुडघे टेकून सभापतीची ताकीद ऐकावी लागे. गंभीर प्रसंगी टॉवरमध्ये कैद किंवा सदस्यत्व रद्द होई.

लाँग पार्लमेंटमधील वापर :
३ नोव्हेंबर १६४० रोजी हे पार्लमेंट भरले. प्रारंभीच राजाकडून व्यापारी मक्ते मिळविणाऱ्या सभासदांना सभागृहाबाहेर काढण्याचा निर्णय झाला. मक्त्यांविरुद्ध असंतोष तीव्र असल्यामुळे त्यास फारसा विरोध झाला नाही. पुढे मात्र या अधिकाराचा रोख बदलला. नोव्हेंबर १६४१ मध्ये राजाविरुद्धचे ‘ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स’ हे गाऱ्हाणे १५९ विरुद्ध १४८ अशा निसटत्या मतांनी संमत झाले. अल्पमतातील सभासदांच्या वतीने निषेध नोंदवू पाहणाऱ्या जेफ्री पामर याला टॉवरमध्ये धाडण्यात आले.

४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स पाच सभासदांना पकडण्यासाठी सशस्त्र लोकांसह सभागृहात आला. त्या पाचांत होल्सही होता. सभागृहाच्या हक्कांवरील हा आघात म्हणून सर्वत्र संताप उसळला. परंतु पुढच्याच महिन्यात सर एडवर्ड डेरिंग याने आपली भाषणे छापली म्हणून याच सभागृहाने त्याचे सदस्यत्व रद्द केले, त्याला टॉवरमध्ये पाठविले व त्याचे पुस्तक जाळण्याची आज्ञा दिली.

शिक्षेचे निकषही राजकीय वाऱ्यानुसार बदलत गेले. अनेक कुटुंबांपेक्षा एका कुटुंबाचा नाश झालेला बरा, असे राजघराण्यास उद्देशून बोलल्याबद्दल हेन्री मार्टेन याची ऑगस्ट १६४३ मध्ये हकालपट्टी झाली. जानेवारी १६४६ मध्ये त्याला सन्मानाने परत घेण्यात आले आणि हकालपट्टीची नोंदच रद्द झाली. तीन वर्षांत भाषण तेच राहिले, बहुमत तेवढे बदलले.

सैन्याचा हस्तक्षेप :
१६४७ मध्ये सैन्याने ११ सभासदांवर आरोप ठेवले. त्यांत पुन्हा होल्स होता. त्याला देश सोडावा लागला. ६ डिसेंबर १६४८ रोजी कर्नल प्राइड यादी घेऊन सभागृहाच्या दाराशी उभा राहिला. चाळीसहून अधिक सभासद अटकेत गेले आणि त्याहून कितीतरी अधिकांना प्रवेश नाकारला गेला. उरलेल्या ‘रम्प’ सभागृहाने राजावरील खटल्याचा मार्ग मोकळा केला. पण २० एप्रिल १६५३ रोजी क्रॉमवेलने त्यालाही सैनिकांकरवी बाहेर काढले.

निष्कर्ष :
राजापासून सभासदाचे रक्षण करणारा अधिकार बहुमताच्या हाती विरोधकाला गप्प करण्याचे साधन बनला, असे उपरोक्त विवेचनावरून दिसते. सभागृहाचे स्वातंत्र्य आणि सभासदाचे स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी होत. मतभेदासाठी सभासदाला काढता येते, हा पायंडा सभागृहानेच पाडला होता. सैन्याने मताऐवजी तलवार वापरली. हा प्रश्न भारतासही परका नाही. भारतीय राज्यघटनेच्या १०५ व्या कलमात मुळात कॉमन्स सभागृहाच्या विशेषाधिकारांचाच आधार घेतला होता. डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली. २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संसदेचा हा अधिकार मान्य केला. मात्र तो न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत ठेवला. सतराव्या शतकातील पामर व डेरिंग यांना अशी दाद मागण्याची जागा नव्हती.