मुलांमधील दीर्घकाळचा ताप : निदानाचा क्रम

लहान मुलांचा ताप बहुतेक वेळा विषाणूंमुळे येतो आणि आठवडाभरात उतरतो. मात्र १०१ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप आठ दिवसांहून अधिक टिकला आणि प्राथमिक तपासण्यांतूनही कारण कळले नाही, तर त्यास ‘अज्ञात कारणाचा ताप’ म्हणतात. पीटर्सडॉर्फ व बीसन यांनी १९६१ मध्ये या संज्ञेची व्याख्या केली, तेव्हा मुदत तीन आठवड्यांची होती. मुलांसाठी ती पुढे कमी झाली. मुलांमध्ये अशा तापामागे बहुधा संसर्गच आढळतो.

निदानाची सुरुवात विचारपूस करण्यापासून होते. घरात कोणाला क्षयरोग आहे का, मूल अलीकडे कोणत्या गावी गेले होते, हे महत्त्वाचे ठरते. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. झुडपांत वावरणाऱ्या माइटच्या अळ्या चावल्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याचे अनेक रुग्ण आढळले होते. काखेत वा जांघेत दडलेली काळी खपली ही त्याची खूण असल्याने मुलाची संपूर्ण त्वचा तपासावी लागते.

हिवतापासाठी रक्ताची एक तपासणी निर्दोष आली तरी ती पुन्हा करावी लागते. टायफॉइडच्या निदानात केवळ विडाल चाचणीवर विसंबता येत नाही; पहिल्या आठवड्यात ती नकारात्मक, तर पूर्वीच्या संसर्गामुळे सकारात्मक येऊ शकते. ब्लड कल्चर अधिक भरवशाचे असते. पण त्यासाठी रक्त प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागते. औषध आधीच दिले गेले असल्यास अस्थिमज्जेच्या कल्चरचा उपयोग होतो. तान्ह्या मुलांत मूत्रमार्गाच्या संसर्गाचे तापाखेरीज अनेकदा दुसरे लक्षण नसते, म्हणून लघवीचे कल्चर आवश्यक ठरते. लहान मुले बेडका गिळतात; त्यामुळे क्षयरोगासाठी पहाटे उपाशीपोटी जठरातील द्राव काढून तपासतात.

निदानाविना दर दोन दिवसांनी प्रतिजैविक बदलल्यास जंतू सापडणे कठीण होते. स्टिरॉइडमुळे तर रक्ताच्या कर्करोगासारखा आजारही झाकला जाऊ शकतो. पालकांनी तापाची वेळेनुसार नोंद ठेवावी व दिलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी जपावी. मूल तीन महिन्यांहून लहान असेल, किंवा झटके, गुंगी वा धाप दिसली, तर मात्र दिवस न मोजता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.