अडीच इंचांचा चाकू

लंडनला भाच्याकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. प्रवासात फळं कापायला लागतो म्हणून एक मिटणारा चाकू माझ्या मोठ्या बॅगेत कायम असतो. लाकडी मुठीचा, बेळगावच्या बाजारात घेतलेला, पातं जेमतेम अडीच इंच. दिवस मावळायच्या आत खाणं उरकायचं, तर परक्या गावात फळांचाच आधार. तिसऱ्या दिवशी बागेत जायला निघालो आणि मी चाकू पर्समध्ये टाकला. भाचा म्हणाला, "मावशी, तो घरीच ठेव. इथं पकडतील." मला हसू आलं. एवढ्याशा पात्याला कोण पकडतंय? त्यानं चाकू उघडून पात्यामागचा खटका दाखवला. "लांबीचं नाही गं, ह्याचं."

खरंच होतं त्याचं. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानं रस्त्यात, बागेत, गाडीत पात्याची वस्तू बाळगायला बंदी आहे. सूट आहे ती खिशातल्या मिटणाऱ्या चाकूला, तीही धार तीन इंचांच्या आत असेल तर. पण मिटणारा म्हणजे कोणता? १९९३ साली हा प्रश्न वरच्या कोर्टात गेला. निकाल असा की, पातं केव्हाही नुसतं दाबून मिटलं पाहिजे. उघडल्यावर ते खटक्यात अडकून घट्ट बसत असेल, तर कायद्याच्या लेखी तो मिटणारा चाकूच नव्हे. म्हणजे बघा, बोट कापू नये म्हणून कारागिरानं केलेली सोय, तीच संशयाची खूण ठरली! काम, धर्म, राष्ट्रीय पोशाख अशी रास्त कारणं कायदा मानतो. शिखांची कृपाण आणि स्कॉटिश लोकांच्या मोज्यातली सुरी त्यात निभावते. पण कारण पटवून द्यायचं ते बाळगणाऱ्यानं.

घरी परतल्यावर मी या विषयाच्या नादीच लागले. जो तो देश आपापल्या जुन्या भीतीनं पातं मोजतो, असं मला दिसायला लागलं.

जपानचंच घ्या. १५८८ साली हिदेयोशीनं शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा करवल्या, १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेच्याही उतरवल्या. तरी पोरांच्या दप्तरात पेन्सिलीला टोक काढायचा मिटणारा चाकू सर्रास असायचा. १९६० साली सतरा वर्षांच्या एका मुलानं असानुमा या समाजवादी नेत्याला भर सभेत छोट्या तलवारीनं भोसकलं. त्यानंतर मुलांच्या हाती धारदार काही द्यायचं नाही, अशी चळवळच उभी राहिली आणि दप्तरातला चाकू गेला. खून तलवारीनं, शिक्षा पेन्सिलीला! आज तिथं सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं विनाकारण बाळगणं गुन्हा आहे. लहानशा मिटणाऱ्या चाकूंना थोडी सवलत आहे, इतकंच.

जर्मनीनं २००८ मध्ये, एका हातानं उघडून घट्ट बसणारा चाकू कारणाशिवाय बाळगायला बंदी घातली. शेजारच्या स्वित्झर्लंडनं त्याच साली आपल्या सैनिकांसाठी जो नवा चाकू पसंत केला, तो नेमका तसाच.

अमेरिकेची कथा मात्र मनाला लागते. तिथं १९५० च्या दशकात बटणाच्या चाकूची धास्ती पसरली. सिनेमांतली टोळक्यांची पोरं तोच फिरवत. १९५८ मध्ये देशभर त्याच्या व्यापारावर निर्बंध आले. न्यूयॉर्कनं त्याच काळात झटक्यानं उघडणाऱ्या चाकूवरही बंदी घातली. पुढं झालं काय, की दुकानात उघड विकला जाणारा कामाचा चाकू पोलीस हातात धरून झटके देऊन बघायचे. उघडला की अटक. सुतार, वायरमन, सामान हलवणारे मजूर यांत सापडले आणि त्यांत काळ्या व लॅटिनो लोकांचाच भरणा जास्त होता. २०१९ साली ती बंदी उठली, पण तोवर कित्येकांच्या नावावर गुन्हा लागलेला होता.

आणि आपल्याकडं? आमच्या भागात हे फार जवळचं आहे. १८५७ साली इंग्रजांनी हत्यारं जमा करायचा कायदा आणला, तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी नकार दिला. फौज आली, गाव जाळलं, लोकांना फासावर चढवलं. कन्नड लावण्यांत ती हकिगत अजून गातात. कोडगूच्या लोकांना मात्र सरकारनं १८६१ मध्ये सूट दिली, कारण ते इंग्रजांशी राजनिष्ठ. बंदुकीच्या परवान्यातली ती सूट आजही चालू आहे. १८७८ च्या कायद्यानं सगळा देशच निःशस्त्र केला.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हे हत्यार धरलं, पण परवाना लागतो तो सरकार जाहीर करील त्याच भागात. दिल्लीनं १९८० मध्ये बटणाच्या चाकूसाठी ७.६२ सेंटिमीटरची हद्द घातली. हिशेब करून बघा, ते इंग्रजांचेच तीन इंच.

या नियमांतली एक ओळ वाचून मला फार बरं वाटलं. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. माझ्या सासूबाईंची विळी माझ्या चाकूहून कितीतरी मोठी, शिवाय खोबरं खवायला पुढं दातेरी चकती. ती अजून ओट्याखाली आहे. चाकू मात्र लंडनलाच राहिला. भाचसून त्यानं सफरचंदं सोलते, घरातल्या घरात.